लाल पान आलं की मागे फिरा : माझ्या एका चुकीची कबुली

थोडं मोठं लिहितोय. आत्ता वेळ नसेल तर पोस्ट सेव्ह करून ठेवा, रात्री जेवणं उरकल्यावर वाचा. पण वाचाच. कारण यात माझी स्वतःची चूक आहे आणि माझं ऐकून तीच चूक तुमच्यापैकी काहींनी केली आहे.

आपल्या भागात एक निवृत्त गुरुजी आहेत. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. ओळखणारे ओळखतील. पंधरा-सोळा वर्षांपासून त्यांना एकच नाद. रविवार उजाडला की पाठीवर पिशवी, गळ्यात कॅमेरा आणि जुन्नरचे किल्ले. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन, निमगिरी, सिंदोळा. नाणेघाटात तर किती वेळा गेले असतील याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. कुठल्या टाक्याचं पाणी कधी आटतं, हडसरच्या कोणत्या वाटेला खुंटे आहेत, नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात काय लिहिलंय, हे सगळं फोटोंसकट ते स्वतःच्या वेबसाईटवर टाकत आले. एक पैशाची जाहिरात नाही. उलट दरवर्षी पेन्शनमधून त्या साईटचं भाडं भरतात. जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका जाहीर झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून हा माणूस एकट्याने तालुक्याचं पर्यटन खातं चालवत होता म्हणा ना.

मागच्या पावसाळ्यात नाणेघाटाला गर्दी सुरू झाली, तेव्हा मी आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर गुरुजींच्या साईटची लिंक टाकली. जाण्याआधी वाचून जा, म्हणून. दहा मिनिटांत एकाची कमेंट आली, ‘दादा, लिंक उघडली की सगळा स्क्रीन लाल होतोय. साईट धोकादायक आहे म्हणतंय.’

आणि मी, वीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस, काय उत्तर दिलं माहितीये? ‘अहो काही होत नाही. गुरुजींची साईट आहे. खाली बारीक अक्षरात तपशील असं दिसेल, ते दाबा आणि पुढे जा.’

वर अंगठ्याची खूण टाकली.

आळेफाट्याच्या बाजूच्या एका तरुण शेतकऱ्याने माझं ऐकलं. तपशील दाबलं, पुढे गेला. साईट उघडली, शिवनेरीचा फोटो दिसला आणि क्षणात दुसरंच पान समोर आलं. ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, लगेच अपडेट करा.’ त्याला वाटलं, लाल पान यामुळेच येत असणार. त्याने अपडेट दाबलं. एक फाईल उतरली, ती त्याने इन्स्टॉल केली. तिने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. रात्री झोपेत असताना खात्यातून ४१ हजार रुपये गेले. ओटीपी आले होते, पण ते त्याच्याआधी दुसऱ्याच कोणीतरी वाचले. टोमॅटोच्या तोडणीची मजुरी द्यायला ठेवलेले पैसे होते ते.

तीन दिवस त्याने घरात सांगितलं नाही. लाज वाटली म्हणाला. चौथ्या दिवशी माझ्याकडे आला. मला वाटलं भांडेल. भांडला नाही. एवढंच म्हणाला, ‘दादा, तुम्ही म्हणालात पुढे जा, म्हणून गेलो.’

हे वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून ही पोस्ट.

आता पहिली गोष्ट, ते लाल पान म्हणजे नक्की काय?

ते पान गुरुजींची साईट दाखवत नाही, तुमच्या मोबाईलमधला ब्राउझर दाखवतो. क्रोम, फायरफॉक्स, आयफोनमधलं सफारी हे सगळे गुगलच्या ‘सेफ ब्राउझिंग’ नावाच्या यादीचा आधार घेतात. मायक्रोसॉफ्टच्या एजची स्वतःची वेगळी व्यवस्था आहे. गुगलची यंत्रं रात्रंदिवस साईट तपासत असतात. एखाद्या साईटमधून फसवं पान उघडतंय किंवा घातक फाईल उतरतेय असं दिसलं, की ती साईट यादीत जाते. तुम्ही लिंक दाबली की ब्राउझर यादीशी ताडून बघतो आणि दारातच अडवतो.

आता हे आपल्या भाषेत सांगतो. उसाच्या कडेला वनखात्याचा ‘सावधान, बिबट्याचा वावर’ असा फलक दिसला, तर आपण शेतमालकाला शिव्या देतो का? बिबट्या काय त्याने पाळलेला असतो? नाही ना. पण म्हणून फलक बघूनही ‘काही होत नाही’ म्हणत अंधारात एकटे उसात शिरतो का? पिंपरी पेंढारच्या माणसाला हे मी समजावून सांगायची गरज नाही. २०२४ मध्ये आपण काय भोगलंय ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हापासून संध्याकाळी बांधावर जायचं तर हातात काठी, बॅटरी आणि सोबतीला माणूस, हे लहान पोरालाही कळतं. मोबाईलमधला फलक मात्र आपण अंगठ्याने बाजूला सारतो.

लाल पानाचा अर्थ ‘मालक चोर आहे’ असा नाही आणि ‘मालक चांगला आहे म्हणून धोका नाही’ असाही नाही. दोन्ही चुका आपल्याकडे एकाच वेळी झाल्या. मी दुसरी केली. पहिली बाकीच्यांनी केली.

कारण त्याच आठवड्यात गुरुजींना लोकांनी स्क्रीनशॉट पाठवायला सुरुवात केली. गुगलवर त्यांच्या साईटचं नाव शोधलं की खाली किल्ल्यांच्या ऐवजी सट्टा, जुगार, कॅसिनो असली नावं दिसत होती. एकाने लिहिलं, ‘गुरुजी, या वयात हे धंदे?’ दुसऱ्याने आणखी घाण लिहिलं. ज्या माणसाने आपल्या दोन पिढ्यांना बाराखडी शिकवली, त्याला चौकात चहाला यायची चोरी झाली. मला म्हणाले, ‘अरे, मी साईट बंदच करतो. सगळं पुसून टाकतो. आयुष्यभर कमावलं ते एका लाल कागदाने घालवलं.’

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर साईट व्यवस्थित उघडत होती. सुरुवातीचे कित्येक दिवस त्यांना काही दिसलंच नाही. ते म्हणायचे, माझ्याकडे तर सगळं ठीक आहे, लोकच काहीतरी बोलतायत. हीच तर हॅकरची युक्ती. ही घुसवलेली ओळ मालकाला ओळखते. मालक आत शिरला की गप्प बसते. गुगलवरून शोधत मोबाईलवर पाहुणा आला, की त्यालाच भलतीकडे पळवते. घरधन्याला दिसायचं नाही, पाहुण्यालाच चावायचं.

गुरुजींचा एक जुना विद्यार्थी पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्याने दोन रात्री जागून साईट तपासली. काय सापडलं ते सांगतो, कारण आपल्याकडच्या दहापैकी बऱ्याच साईटमध्ये तेच सापडेल.

साईट वर्डप्रेसवर होती. यात वाईट काही नाही, जगातल्या प्रचंड संख्येने साईट वर्डप्रेसवरच चालतात. पण त्यात फोटो सरकवत दाखवणारा एक प्लगइन होता, तो चार वर्षांत अपडेटच केला नव्हता. अशा जुन्या प्लगइनमधलं भोक जगजाहीर झालेलं असतं. पासवर्ड काय होता? गावाचं नाव आणि पुढे १२३. आत शिरून बघितलं तर मालक म्हणून गुरुजींच्या बरोबरीने आणखी दोन अनोळखी नावं बसलेली. आणि साईटची दुसरीकडे ठेवलेली प्रत, म्हणजे बॅकअप? नव्हता. फोटो हार्ड डिस्कवर होते आणि मजकूर गुरुजींच्या वह्यांमध्ये. त्या वह्या होत्या म्हणून सगळं वाचलं.

‘पण माझ्या साईटमध्ये चोरायला आहे काय?’ गुरुजींचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सगळेच तो विचारतात. उत्तर असं की हॅकरला गुरुजींचे फोटो नको होते. त्याला गुरुजींचं नाव हवं होतं. पंधरा वर्षांचा विश्वास हवा होता. अनोळखी लिंक आली असती तर त्या तरुण शेतकऱ्याने दाबली नसती. गुरुजींची होती म्हणून दाबली. त्यात पत्रकाराने पुढे जा म्हटलं. हॅकरने चोरला तो आमचा दोघांचा शब्द. आणि कोणी एक माणूस बसून गुरुजींच्या मागे लागला होता असंही नाही. प्रोग्राम सोडलेले असतात, ते जगभर प्रत्येक दाराची कडी हलवून बघत फिरतात. जी उघडी, तिथे शिरतात.

मोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही, हे लक्षात घ्या. सप्टेंबर २००७ मध्ये महाराष्ट्र शासनाचं अधिकृत संकेतस्थळ हॅक झालं होतं. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून एक व्हायरस सुटला आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तिथल्या कोणी भलतीसलती साईट उघडली म्हणून नाही. भरवशाच्या दारातून आलेलं अपडेट होतं ते. म्हणजे ‘ओळखीचं आहे’ हे कारण सुरक्षिततेला पुरत नाही. न्हावा शेव्याला पुरलं नाही, आपल्याला काय पुरणार?

आता काही जण विचारतील, आणि विचारलंही, की गुगलच शहाणं का? गुगल चुकत नाही का?

चुकतं. ३१ जानेवारी २००९ ला तर गुगलने कमाल केली होती. कोणाच्या तरी चुकीने त्या धोक्याच्या यादीत नुसती तिरकी रेघ टाकली गेली. ती रेघ प्रत्येक वेबसाईटच्या पत्त्यात असतेच. झालं, अर्धा-पाऊण तास गुगलला जगातली प्रत्येक साईट धोकादायक दिसत होती. पुढे गुगलने चूक मान्य केली. दुसरा मुद्दाही खरा आहे. एका परदेशी कंपनीने लाल शिक्का मारला की गुरुजींसारख्या माणसाला दाद मागायला ना खिडकी, ना फोन नंबर. ज्या कंपनीकडून साईटची जागा भाड्याने घेतली होती, तिनेही ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून हात झटकले. लहान माणसाला या व्यवस्थेत कोणी वाली नाही, ही माझीही तक्रार आहे.

पण फलक कधीतरी चुकीच्या शेतात लागतो म्हणून सगळे फलक उपटून टाकायचे का? ज्याला खात्री करायची त्याने मालकाला फोन करावा, दोन दिवस थांबावं. किल्ला कुठे पळून जात नाही. त्या दिवशी मी एक फोन गुरुजींना केला असता, तर ४१ हजार वाचले असते.

शिक्का काढायची वाटही आहे, ती साईटवाल्यांनी माहीत करून घ्यावी. गुगलच्या ‘सर्च कन्सोल’ नावाच्या मोफत सेवेत आपली साईट आपल्या नावावर नोंदवता येते. काय सापडलंय ते तिथे दिसतं. साफसफाई केली की फेरतपासणीचा अर्ज करता येतो, साधारण काही दिवसांत निकाल लागतो. गुरुजींच्या साईटचा शिक्का गेला, आम्ही पेढे वाटले आणि आठव्या दिवशी लाल पान परत हजर. का? तर हॅकरने एका फोल्डरमध्ये एक फाईल लपवून ठेवली होती, मागच्या दाराची किल्लीच म्हणा. वरवर झाडून घर साफ होत नाही. शेवटी सगळं काढून, वर्डप्रेस नव्याने टाकून, गुरुजींच्या वह्यांवरून मजकूर पुन्हा टाईप केला. तीन पोरं बसली होती त्या कामाला. गावच्याच शाळेतली.

अजून एक गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. लाल पान खरंही असतं आणि खोटंही असतं. नीट वाचा.

खरं पान तुम्हाला मागे फिरवतं. त्यात मोठं बटण असतं ते सुरक्षित जागी परत जाण्याचं. पुढे जायची वाट बारीक अक्षरात दडवलेली असते. ते काही इन्स्टॉल करायला सांगत नाही, फोन नंबर देत नाही, पैसे मागत नाही.

खोटं पान साईट उघडल्यावर आतून येतं. ‘तुमच्या फोनमध्ये इतके व्हायरस सापडले’, ‘दोन मिनिटांत डेटा उडेल’, भोंगा वाजतो, आकडे उलटे मोजले जातात. आणि ते तुम्हाला पुढे ढकलतं. हे ॲप घ्या, या नंबरवर फोन करा, इथे दाबा. मागे फिरवणारं पान बहुतेक वेळा खरं, पुढे ढकलणारं खोटं. एवढी एक खूण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगितली तरी पुरे. तो तरुण खऱ्या पानाला ओलांडून गेला आणि खोट्या पानाचं ऐकून बसला. दोन्हीतला फरक त्याला कोणी सांगितलाच नव्हता. सांगायचं काम माझं होतं.

व्हॉट्सॲपवर गाडीचं चलन, पीएम किसान, बँकेचं केवायसी असल्या नावांनी एपीके फाईल फिरतात, त्याही याच जातीच्या. आपला फोनसुद्धा इन्स्टॉल करताना एकदा इशारा देतोच. आपण ‘तरीही करा’ दाबतो. आपल्याला इशाऱ्यांची इतकी सवय झालीये की इशारा म्हणजे मधला अडथळा, एवढंच उरलंय.

आता थोडं सार्वजनिक बोलतो, कारण ही फक्त गुरुजींची गोष्ट नाही.

आपल्या तालुक्यात ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था, देवस्थानं, कृषी पर्यटनवाले, लॉजवाले, सगळ्यांच्या वेबसाईट झाल्या आहेत. बऱ्याच ठिकाणी पद्धत तीच. ओळखीच्या पोराला पाच-दहा हजार दिले, त्याने साईट बनवली, नारळ फोडला, पेपरात फोटो आला. बातमी मीच लावली. पुढे तो पोरगा नोकरीला पुण्याला गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक असलेला आपला तालुका, आणि एका संस्थेत मी विचारलं की तुमच्या साईटचा पासवर्ड कोणाकडे आहे, तर चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

म्हणून ग्रामसभेत, संस्थेच्या सर्वसाधारण सभेत चहा यायच्या आधी चार प्रश्न विचारा. साईटचा पासवर्ड कोणत्या दोन माणसांकडे आहे? शेवटचं अपडेट कधी केलं? बॅकअप कुठे ठेवलाय? आणि काही बिघडलं तर लोकांना कोण, कसं कळवणार? उत्तर नसेल तर इतिवृत्तात नोंद करायला लावा. पतसंस्थांनी तर हे आपणहून करावं, लोकांचा पैसा आहे. सायबर घटना घडली तर केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेला ६ तासांत कळवायचं, असा कंपन्या-संस्थांसाठीचा निर्देश एप्रिल २०२२ पासून आहे. आपल्याकडे सहा महिन्यांतही कोणी बोलत नाही. झाकून ठेवायचं, ही आपली रीत. गुरुजींनी झाकलं नाही. कळलं त्या दिवशी स्वतःच्या हाताने ग्रुपवर लिहिलं, ‘माझी साईट बिघडली आहे, उघडू नका.’ मोठमोठ्या संस्थांना हे जमत नाही.

आणि ज्याचे पैसे गेले असतील त्याने लाज सोडा. १९३० हा नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा. पैसे गेल्याचं कळताच पहिल्या तासात फोन करा, तोवर रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला कळवा, फोनचा डेटा बंद करा, आलेलं ॲप काढा. फोन तपासायला केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्र’ या साईटवर मोफत साधनं आहेत. आपल्या त्या तरुणाने तीन दिवस लाजेपायी घालवले. चौथ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून १९३० ला फोन लावला, पण पैसे तोवर पुढे निघून गेले होते.

त्या ४१ हजारांचं काय, असं काही जण विचारतील. गुरुजी पेन्शनमधून द्यायला निघाले होते, त्याने घेतले नाहीत. मी माझ्या परीने हप्त्याहप्त्याने देतोय, आधी तेही घ्यायला तयार नव्हता. हे मोठेपणासाठी सांगत नाही. दुसऱ्याच्या जिवावर ‘काही होत नाही’ म्हणणं फुकट नसतं, हे मला कळावं म्हणून देतोय.

गुरुजींची साईट परत सुरू आहे. नवा पासवर्ड लांबलचक आहे, मोबाईलवर कोड आल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी किल्ल्यावर जायच्या आधी ते अपडेट आणि बॅकअप करतात. वहीत तारीख टाकून सही करतात, हजेरीपटासारखी. गेल्या रविवारी चावंडचे नवे फोटो टाकलेत.

लिंक मात्र मी इथे देत नाही. तुम्हीच शोधा. आणि कधी लाल पान आलं, तर गुरुजींची असो, माझी असो नाहीतर खुद्द सरकारची असो, मागे फिरा आणि मालकाला एक फोन करा.

पोस्ट कॉपी करून घरच्या ग्रुपवर टाकली तरी चालेल. माझं नाव काढलं तरी चालेल. १९३० तेवढा काढू नका.